मेकाँगच्या काठाने सायकलवर

आठ ते सोळा जणांचा जथा, पुढे वाट दाखवणारा स्थानिक माणूस, मागे सामानाची गाडी आणि दोन आठवड्यांत दोन किंवा तीन देश, असा सायकल सहलीचा एक प्रकार आग्नेय आशियात चांगला रुजला आहे. त्यातला बराच चालता मार्ग व्हिएतनाममधल्या हो चि मिन्ह शहरातून, म्हणजे जुन्या सायगॉनमधून निघतो. मेकाँग नदीच्या त्रिभुज प्रदेशातून तो कंबोडियात शिरतो, अंगकोरची मंदिरे गाठतो आणि थायलंडमध्ये बँकॉकला संपतो. बारा ते चौदा दिवसांच्या या प्रवासात सायकल चालते ती साधारण चारशे ते सहाशे किलोमीटर. उरलेले अंतर होडीने किंवा गाडीने कापले जाते, कारण मोठ्या महामार्गावर ट्रकांच्या धुरात सायकल हाणण्यात कुणालाच रस नसतो.

शेगावहून पंढरपूरला जाणारी पालखी ज्याने पाहिली आहे, त्याला या सहलीची व्यवस्था वेगळी समजावून सांगावी लागत नाही. दिंडीत चालणाऱ्याच्या खांद्यावर फार तर एक पडशी असते. अंथरूण-पांघरूण, भांडीकुंडी आणि शिधा ट्रकमधून पुढच्या मुक्कामी जातो. मुक्कामाची गावे आधी ठरलेली असतात, पाण्याची सोय केलेली असते, आणि कुणाचा पाय मुरगळलाच तर त्याला गाडीत बसवतात. चालणे तेवढे ज्याचे त्याने करायचे. सायकल सहलीतही पॅडल तेवढे स्वतः मारायचे. बॅगा, पाणी, पंक्चर, हॉटेल आणि सीमेवरची कागदपत्रे यांची काळजी दुसरा कुणीतरी वाहतो. म्हणूनच ही सहल सायकलपटूंचीच मिरासदारी राहिलेली नाही. तिशीपासून साठीपर्यंतची, धडधाकट पण साधी माणसे ती सहज पूर्ण करतात.

मराठी मुलखाला सायकलवरचा दूरचा प्रवास नवा नाही. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण जगप्रदक्षिणेला निघाले. त्यांतल्या आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा या तिघांनी ती पूर्ण केली आणि सुमारे ७१,००० किलोमीटर कापून मार्च १९२८ मध्ये ते मुंबईत परतले. परतीच्या टप्प्यात चीनमधून इंडोचायना, सयाम आणि ब्रह्मदेश ओलांडून ते भारतात आले. आज ज्या भागात थंडगार टॉवेल आणि कापलेली फळे घेऊन गाडी सायकलस्वारांची वाट पाहत उभी असते, त्याच भागातून हे तिघे नकाशे आणि दुरुस्तीचे सामान स्वतः वाहत गेले होते. त्यांची आठवण महाराष्ट्राने ठेवायला हवी तेवढी ठेवलेली नाही.

विदर्भापुरते पाहिले तर वरोऱ्याच्या आनंदवनातून बाबा आमट्यांनी उभी केलेली ‘भारत जोडो’ यात्रा आठवते. डिसेंबर १९८५ मध्ये कन्याकुमारीहून शंभरावर तरुण-तरुणी सायकलवर निघाले आणि पाच हजार किलोमीटर कापून जम्मू-काश्मीरला पोचले. पाठीच्या विकारामुळे बाबा स्वतः गाडीत आडवे होऊन सोबत होते. तिचा हेतू पर्यटनाचा नव्हता, पण ठरलेले मुक्काम, सोबतची वाहने आणि एकमेकांच्या वेगाने चालणारा जथा ही सामुदायिक सायकल प्रवासाची सगळी अंगे तिच्यात होती. यूथ होस्टेल्स असोसिएशन ऑफ इंडिया गोव्यात हिवाळ्यात ज्या सायकल मोहिमा भरवते, त्यांत हेच सूत्र माफक खर्चात अनुभवता येते, आणि परदेशी जाण्याआधी अशी एखादी मोहीम करून पाहणे शहाणपणाचे आहे. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ बारा दिवसांच्या आत पुरी केली, हेही विदर्भाचेच भूषण. मात्र ती शर्यत. सहलीत घड्याळाशी झुंज नसते. दिवसाला चाळीस ते सत्तर किलोमीटर, तेही चहा-फराळाला थांबत.

ही सहल उष्ण कटिबंधातली, आणि उष्ण कटिबंध म्हटले की वाचकाच्या डोळ्यांसमोर दूरचे जंगल उभे राहते. प्रत्यक्षात कर्कवृत्त साडेतेवीस अंशांवर आहे आणि अमरावती जिल्ह्यातले दर्यापूर सुमारे एकवीस अंश उत्तर अक्षांशावर. म्हणजे दर्यापूरचा माणूस जन्मापासून उष्ण कटिबंधातच राहतो. व्हिएतनामची राजधानी हनोई जवळपास त्याच अक्षांशावर आहे. नकाशावर पट्टी आडवी ठेवली तर दोन्ही गावे एका रेघेवर येतात. सहलीचा मार्ग मात्र त्याहून बराच दक्षिणेला, दहा ते चौदा अंशांच्या दरम्यान आहे. सूर्य तिथे अधिक डोक्यावर, आणि समुद्र जवळ. वऱ्हाड आणि मेकाँगचे खोरे यांत फरक पडतो तो इथे.

सहलीचा पहिला दिवस हो चि मिन्ह शहरात सायकली अंगाला बसवून घेण्यात जातो. सीटची उंची हा त्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग. सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवली आणि पॅडल अगदी खाली नेले की पाय सरळ व्हावा. मग चवड्याने पॅडल मारताना गुडघ्यात थोडा वाक राहतो. लहानपणी कैची मारत शिकलेल्या आणि पुढे गावात सीट खाली ठेवूनच सायकल चालवलेल्या माणसाला ही उंची पहिल्यांदा भीतीदायक वाटते, कारण थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकत नाहीत. पण सीट खाली ठेवून रोज पन्नास किलोमीटर मारले तर तिसऱ्या दिवशी गुडघे बोलू लागतात. सायकली बहुधा रुंद टायरच्या आणि हलक्या गिअरच्या असतात. काही आयोजक बॅटरीवर चालणारी सायकलही जास्तीच्या भाड्याने देतात, आणि ज्यांचा जोडीदार अधिक सरावलेला आहे त्यांनी ती घेण्यात कमीपणा मानू नये.

शहरातून थेट सायकलवर बाहेर पडत नाहीत. तिथली मोटारसायकलींची गर्दी मुंबईकरालाही नवखी वाटावी अशी आहे. गाडीने दीड-दोन तास जाऊन बेन त्रे भागात उतरले की सायकली सुरू होतात, आणि इथून पुढचे तीन-चार दिवस या सहलीचे सर्वांत सुंदर दिवस आहेत. तिबेटच्या पठारावर उगम पावलेली, सहा देशांतून सव्वाचार हजार किलोमीटरांहून अधिक वाहत आलेली मेकाँग इथे अनेक मुखांनी समुद्राला मिळते. व्हिएतनामी लोक तिच्या या भागाला नऊ ड्रॅगनांची नदी म्हणतात. जमीन तळहातासारखी सपाट. नारळाच्या बागांतून मीटर-दीड मीटर रुंदीच्या सिमेंटच्या वाटा जातात. आपल्याकडचे पांदण रस्ते असेच घराघरांना आणि वावरांना जोडत जातात, मात्र पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल मडगार्डात भरून चाक जाम होते आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते. त्रिभुज प्रदेशातल्या वाटा सिमेंटच्या असल्याने बारमाही चालतात.

या वाटेवर पुढचा स्वार हात वर करून काहीतरी ओरडतो आणि ते मागे मागे पोचवले जाते. समोरून मोटारसायकल येत आहे, डावीकडे कालवा आहे, पुढे कमानीचा अरुंद पूल आहे आणि त्याला कठडा नाही. अशा पुलावर नवख्याने उतरून सायकल हातात धरून जावे. अंगणात भाताच्या पापडाच्या चटया वाळत असतात, त्यांवरून चाक जाऊ द्यायचे नसते. एखादी आजी त्या उलटवत बसलेली दिसते. वऱ्हाडात उन्हाळ्यात छतावर कुरड्या-पापड घालणाऱ्या घरातल्या माणसाला तिच्या हातांची घाई लगेच ओळखू येईल. दर काही किलोमीटरवर कालवा किंवा नदीचा फाटा येतो आणि सायकली लहान तरीवर चढवाव्या लागतात. बेन त्रेमध्ये नारळाच्या दुधाची चिकट वडी बनते. ती तांदळाच्या पातळ कागदात गुंडाळलेली असते आणि कागदासकट खायची असते. कान थो शहराजवळ काय रांगचा तरंगता बाजार पहाटे भरतो. व्यापारी आपल्या होडीवरच्या बांबूला जो माल विकायचा तो टांगतात: अननस, भोपळा, कोबी. दुरूनच कळावे ही सोय. रस्ते आणि पूल वाढले तसा हा बाजार पूर्वीपेक्षा आटला आहे, हे जाणाऱ्याने आधीच समजून घ्यावे.

सीमेजवळच्या चाउ डोकहून जथा होडीने नदीच्या प्रवाहाविरुद्ध कंबोडियात जातो. नदीकाठच्या चौकीवर पासपोर्टवर शिक्का बसतो आणि काही तासांत राजधानी फ्नॉम पेन्ह येते. इथे मेकाँग, तोन्ले साप आणि बासाक यांचा संगम आहे. तोन्ले सापची गोष्ट नदीकाठी राहणाऱ्या कुणालाही थक्क करील. पावसाळ्यात मेकाँगला पूर येतो तेव्हा तिचे पाणी तोन्ले सापमध्ये उलटे शिरते, आणि ही नदी आपला प्रवाह बदलून समुद्राकडे जाण्याऐवजी आत, सरोवराकडे वाहू लागते. एरवी सुमारे अडीच-तीन हजार चौरस किलोमीटरचे सरोवर फुगून दहा हजारांच्या वर जाते. पावसाळा सरला की पाणी पुन्हा फिरते. त्या सुमारास नोव्हेंबरात जलोत्सव होतो आणि होड्यांच्या शर्यती लागतात. पाण्याबरोबर मासे शिरतात, वाढतात आणि परत फिरतात. कंबोडियाचे अन्न बरेचसे या फेऱ्यावर उभे आहे. सरोवराकाठची घरे उंच खांबांवर असतात, आणि कोरड्या महिन्यांत सायकलवरून जाताना त्या खांबांवरची पुराची रेघ डोक्याच्याही वर दिसते.

फ्नॉम पेन्हमध्ये तुओल स्लेंग नावाची जागा आहे. ती शाळा होती. १९७५ ते १९७९ या ख्मेर रूज या कडव्या साम्यवादी गटाच्या राजवटीत तिचा तुरुंग आणि छळछावणी झाली. त्या चार वर्षांत देशातली पंधरा ते वीस लाख माणसे गेली. वर्गखोल्यांत लोखंडी पलंग आजही तसेच आहेत. सहलीच्या कार्यक्रमात हा अर्धा दिवस ऐच्छिक ठेवलेला असतो. तो टाळू नये. पुढे रस्त्याने जाताना साठीच्या वरची माणसे इतकी थोडी का दिसतात, याचे उत्तर इथेच मिळते. त्या काळाची आणि नंतरच्या यादवीची दुसरी खूण जमिनीत आहे. कंबोडियात, विशेषतः थायलंडच्या बाजूच्या वायव्य भागात, पेरलेले भूसुरुंग अजून काढले जात आहेत. मळलेली वाट सोडून झुडपात जायचे नाही, लघवीलासुद्धा नाही, हा नियम तिथे सर्वांना लागू आहे.

फ्नॉम पेन्ह ते सिएम रीप हे तीनशे किलोमीटरचे अंतर बहुतेक गाडीनेच होते. वाटेत काँपाँग थोमजवळ संबोर प्रेइ कुक या सातव्या शतकातल्या विटांच्या मंदिरांपाशी सायकली उतरवतात. झाडांच्या सावलीत, तांबड्या मातीच्या वाटेवर, जवळजवळ एकट्याने फिरता येते असे हे ठिकाण आहे. २०१७ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतले.

मग अंगकोर. सुमारे ४०० चौरस किलोमीटरच्या या परिसरात सायकलइतके सोयीचे वाहन दुसरे नाही. बस मोठ्या दारांशी सोडते; सायकलवाला मात्र जुन्या नगराच्या तटबंदीवरून, रानातल्या पायवाटेने एका दारातून दुसऱ्या दाराशी जातो. परिसराचा परवाना एक दिवसाचा ३७ डॉलर आणि तीन दिवसांचा ६२ डॉलर असतो, त्यावर धारकाचा फोटो छापलेला असतो. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात राजा दुसरा सूर्यवर्मन याने विष्णूसाठी अंगकोर वाट बांधले. त्याच्या पूर्वेकडच्या ओवरीत समुद्रमंथनाचा जवळपास ४९ मीटर लांबीचा कोरीव पट आहे. एका बाजूला ९२ असुर, दुसऱ्या बाजूला ८८ देव, दोघांच्या हातांत वासुकी, मधोमध मंदराचलापाशी विष्णू आणि खाली कूर्म. पाण्यातले मासे आणि मगरी मंथनाच्या जागी कापले गेलेले दिसतात. पश्चिमेच्या ओवरीत कुरुक्षेत्र आहे. शरपंजरी पडलेले भीष्म मराठी माणूस वाटाड्याच्या आधी ओळखतो. ता प्रोम हे झाडांच्या मुळांनी वेढलेले मंदिर सांभाळण्याच्या कामात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचा मोठा वाटा आहे.

दर्यापूर तालुक्यात पूर्णेच्या काठी लासूरला आनंदेश्वराचे यादवकालीन दगडी मंदिर आहे. नक्षीचे खांब आणि उघडे छत असलेली ही वास्तू पाहून मग अंगकोरला गेलेल्या माणसाला दोन्हीकडचे पाथरवट त्याच कथा दगडात घडवत होते हे कळते. ज्याने लासूर पाहिले नाही त्याने आधी तिथे सायकल न्यावी.

थायलंडची जमिनीवरची वाट पोइपेत आणि अरण्यप्रथेत या जोड गावांतून जाते. ही वाट सध्या गृहीत धरता येत नाही. जून २०२५ मध्ये सीमावादामुळे थायलंडने कंबोडियाच्या सीमेवरची प्रवाशांची ये-जा थांबवली, आणि जुलैत, पुन्हा डिसेंबरात, दोन्ही सैन्यांत लढाई झाली. अशा काळात सहल सिएम रीपला संपवावी लागते किंवा तिथून विमानाने बँकॉक गाठावे लागते. पैसे भरण्यापूर्वी सीमा उघडी आहे का, नसेल तर पर्यायी कार्यक्रम कोणता आणि त्याचा खर्च कुणावर, हे आयोजकाकडून लेखी घ्यावे.

या सीमेवर आणखी एक गोष्ट बदलते. व्हिएतनाम आणि कंबोडियात वाहने उजव्या बाजूने चालतात, थायलंडमध्ये आपल्यासारखी डावीकडून. सरळ रस्त्यावर उजवीकडे राहणे अर्ध्या दिवसात अंगवळणी पडते. चूक होते ती थांबून पुन्हा निघताना: नारळपाणी पिऊन सायकलवर टांग टाकली की भारतीय माणूस सवयीने डाव्या बाजूला जातो. चौकात वळतानाही मान आधी चुकीच्या दिशेला वळते. म्हणून वाटाडे प्रत्येक थांब्यानंतर ‘उजवीकडे’ अशी हाळी देतात. हँडलवर उजव्या हाताशी रंगीत चिकटपट्टी लावून ठेवण्याची युक्तीही कामी येते.

या सहलीत माणसे आजारी पडतात ती बहुधा अंतराने नाही, हवेने. वऱ्हाडी माणसाला उन्हाचा धाक दाखवू नये. अकोला-अमरावतीचा मे महिना पंचेचाळीस अंशांच्या वर जातो. पण ते ऊन कोरडे आहे. घाम येतो आणि येताक्षणी उडून जातो, सदऱ्यावर मिठाचा पांढरा डाग तेवढा उरतो, आणि उडताना तो अंगातली उष्णता घेऊन जातो. मेकाँगच्या खोऱ्यात डिसेंबर-जानेवारीत दुपारचे तापमान एकतीस-बत्तीसच असते, पण हवा ओलसर असल्याने घाम उडत नाही, नुसता गळत राहतो. शरीर थंड होत नाही, आणि पाणी व मीठ मात्र जातच राहते. बत्तीस अंश म्हणजे काहीच नाही, असे समजणारा वऱ्हाडी म्हणूनच दुसऱ्या दिवशी दुपारी सावली शोधत बसतो.

उपाय साधे आहेत. शरीराला या हवेची सवय व्हायला आठवडा ते दोन आठवडे लागतात, म्हणून पहिल्या दोन दिवसांचे अंतर कमी ठेवलेले असते. ते वाढवण्याचा आग्रह धरू नये. तहान लागण्याची वाट न पाहता तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी घोट घोट घ्यावे, पण नुसते पाणी ढोसू नये. घामावाटे मीठ गेलेले असताना फक्त पाणी भरत राहिले तर रक्तातले सोडियम घसरते, डोके दुखते, मळमळते, भान सुटते. ओआरएसची पाकिटे घरूनच न्यावीत. अंग तापले आणि माणूस असंबद्ध बोलू लागला तर, घाम येत असला तरी, तो उष्माघात समजावा. त्याला ताबडतोब सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि रुग्णालय गाठावे. जथ्याच्या शेवटी एक वाटाडा मुद्दाम सर्वांत हळू चालणाऱ्याच्या मागे असतो. त्याचे काम पंक्चर काढण्यापेक्षाही मागे पडलेल्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहण्याचे असते.

जेवणाचा प्रश्न शाकाहारी कुटुंबे सर्वांत आधी विचारतात. भात सगळीकडे आहे, भाजी आहे, फळांची रेलचेल आहे. अडचण माशांच्या खाऱ्या रसाची आहे, तो भाजीतही पडतो. व्हिएतनाममध्ये ‘चाय’ लिहिलेली पाटी म्हणजे शाकाहारी खानावळ, चहाशी तिचा संबंध नाही. तिथले अनेक बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांसाहार टाळतात, आपल्या एकादशीसारखेच, आणि त्या दिवशी अशा खानावळींत गर्दी असते. थायलंडमध्ये ‘जे’ असे पिवळ्या-लाल पाटीवर लिहिलेले असते. तिथे कांदा-लसूणही नसतो. व्हिएतनाममध्ये रस्त्याकडेला उसाच्या रसाचे गाडे आपल्या रसवंतीइतकेच ठायी ठायी आहेत, फक्त लिंबाऐवजी छोटे आंबट संत्रे पिळतात. डिंकाचे लाडू, शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या पहिल्या आठवड्यापुरत्या बॅगेत असल्या तर पोट शांत राहते.

तयारीसाठी दर्यापूरइतकी सोयीची जागा कमी. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशासारखाच सपाट आहे, आणि सहलीतही चढ जवळपास नाही. पावसाळा सरल्यावर, पोळा-दसरा उलटला की, आठवड्यातून तीन दिवस वीस-पंचवीस किलोमीटर आणि रविवारी चाळीस, असा सराव दोन महिने पुरतो. अंजनगावकडे किंवा मूर्तिजापूरकडे जाणारा रस्ता धरावा. या बाजूने बंद पडलेल्या ‘शकुंतला’ या अरुंद रुळांच्या आगगाडीचे रूळ अजून दिसतात. दर्यापूरचे तिचे स्टेशन बनोसा. ऑक्टोबरची उकाड्याची दुपार सरावाला मुद्दाम वापरावी, थंडीतल्या सकाळी मेकाँगची हवा शिकवत नाहीत. ज्याला हौस असेल त्याने परतवाड्याहून सुमारे १,१०० मीटर उंचीवरच्या चिखलदऱ्याचा घाट चढून पाहावा, पण या सहलीला त्याची गरज नाही. गरज आहे ती बैठकीची. नवख्याला पाय साथ देतात, बूड देत नाही. गादी शिवलेली सायकलची चड्डी आतून दुसरे काही न घालता वापरायची असते, आणि मांड्यांना व्हॅसलीन लावायचे असते. संकोचापायी हे न विचारणारे तिसऱ्या दिवशी गाडीत बसलेले दिसतात.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चपासून तिकडे उकाडा चढतो, एप्रिल सर्वांत तापट, आणि नंतर पाऊस. पासपोर्टची मुदत परतल्यानंतरही सहा महिने उरलेली हवी. व्हिएतनामचा ई-व्हिसा एका प्रवेशाला २५ डॉलरचा असून त्यात कुठल्या ठाण्यातून येणार आणि जाणार हे लिहावे लागते. विमानाने येऊन नदीमार्गे बाहेर पडणाऱ्याने ते नीट भरावे. कंबोडियालाही ई-व्हिसा आहे. थायलंडचे भारतीयांसाठीचे नियम गेल्या काही वर्षांत अनेकदा बदलले, ते निघण्यापूर्वी पाहावेत. प्रवासाच्या विम्यात सायकलिंग धरले आहे का आणि रुग्णवाहिकेचा खर्च किती मिळतो, हे पॉलिसीत वाचावे. डेंग्यूमुळे डासांपासून सांभाळावे, आणि कुत्रा चावला तर जखम साबणाने धुऊन त्याच दिवशी लस घ्यावी.

सहलीच्या किमतीत हॉटेल, नाश्ता, बहुतेक जेवणे, वाटाडे, गाडी आणि प्रवेश फी धरलेली असते. विमानभाडे, व्हिसा, विमा, बक्षिसी आणि पुष्कळदा सायकलचे भाडेही वेगळे असते, म्हणून दोन आयोजकांच्या किमती लावून पाहताना आधी सायकल कुणाची हे विचारावे. भारतातून परदेशी सहल घेतली की त्यावर टीसीएस, म्हणजे उगमस्थानीच वसूल होणारा कर, आकारला जातो. तो प्राप्तिकराच्या विवरणपत्रात वळता करून मिळतो, पावती जपून ठेवावी. वऱ्हाडातून मुंबई गाठायला मूर्तिजापूर, अकोला किंवा बडनेऱ्याची गाडी आहेच, आणि १६ एप्रिल २०२५ पासून अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची विमानसेवाही सुरू झाली आहे.

सलग तीन दिवस, रोज पन्नास किलोमीटर सायकल चालवून चौथ्या दिवशी सकाळी पुन्हा सीटवर बसता येते का, ही स्वतःची परीक्षा दर्यापूरच्याच रस्त्यावर घ्यावी. जमले तर नाव नोंदवायला हरकत नाही.